डाव्या हातची भाकरी

आमच्या सोसायटीत कुणी कुत्र्याचं पिल्लू आणलं की आठवड्याच्या आत ती मंडळी माझ्या दारात हजर होतात. 'काकूंना कुत्र्यातलं कळतं' अशी माझी ख्याती कुणी केली देवाला ठाऊक. मी आपली चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेली बाई. पण विचारतात, तर सांगते. पिल्लाला सुरुवातीला दिवसातून चार वेळा थोडं थोडं घाला, मोठं झालं की दोनदा पुरे. ताटली रोज एकाच जागी ठेवा. कांदा, चॉकलेट, मनुका चुकूनसुद्धा नको. शिजवलेली हाडं नकोत, त्यांची कुसळं होऊन घशात अडकतात. लस चुकवू नका. एका शब्दाचा एकच अर्थ ठेवा, आज 'बस' म्हणजे बसणं आणि उद्या 'बस' म्हणजे पुरे, असा घोळ घातलात तर ते बिचारं काय करणार? आणि मारू नका. तुम्ही मारलेलं तुम्ही विसरता, ते विसरत नाही. एवढं मी पाठ असल्यासारखं म्हणते आणि चहा पाजून त्यांना वाटेला लावते. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरचं एक नवं जोडपं आलं होतं. पोरगी हुशार, वहीत सगळं उतरवून घेत होती. उठता उठता तिनं विचारलं, "काकू, उजव्या हातानं दिलं तर खायचं, डाव्या हातानं दिलं तर तोंड फिरवायचं, असं शिकवता येतं ना? आम्ही मोबाइलवर बघितलं, काय गोड दिसतं!" मी म्हटलं, "येतं. शिकवू नका." "का हो?" म्हणाली. मी म्हटलं, "मी सांगते म्हणून." माझा आवाज चढला असणार, कारण दोघं चपला पायात सरकवून गुमान निघून गेली. तोंडाची मी पहिल्यापासून फटकळच आहे. पण त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

आम्ही मूळचे लातूरकडचे. दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नाही तेव्हा आबा, म्हणजे माझे वडील, इकडे पुण्याजवळ निगडीला कारखान्यात लागले आणि मागोमाग आई आणि मी आलो. निगडी तेव्हा आजची निगडी नव्हती. गावठाण, त्याच्या कडेला बाभळी, आणि पुढे मैलभर नवी वसाहत वसवणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं दगड रोवून आखून ठेवलेले मोकळे प्लॉट. तिथं शेळ्या चरायच्या. गावठाणाच्या टोकाला बायजा नावाच्या म्हातारीच्या पाच पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातली शेवटची आमची. बायजा इथली मूळची, जमीन प्राधिकरणात गेलेली, आणि तोंडात कायम मशेरी. आईचं बोलणं तिला कळायचं नाही आणि तिचं आईला. आमच्याकडे 'का' विचारायचं तर 'कामून' म्हणतात. आई म्हणायची, "कामून हो बायजा, नळाला पानी न्हाई का आज?" आणि बायजा म्हणायची, "ह्ये कामून म्हंजी कोन गं बाई? आमच्यात न्हाई असं कुनी." पण दोघींचं गूळपीठ जमलं ते जमलंच. सकाळी सहाला, साडेसहाला, सातला असे चारी बाजूंनी कंपन्यांचे भोंगे वाजायचे आणि प्रत्येक घराला आपापला भोंगा आवाजावरून ओळखू यायचा. आमचा जरा घोगरा होता, सुरुवातीला खोकल्यासारखा आणि मग लांबलचक. आई त्याच्यावर भात उतरवायची.

आबा एका वर्कशॉपमध्ये प्रेसवर होते. प्रेस म्हणजे पत्रा कापायचं, वाकवायचं मशिन. हातानं पत्रा आत सरकवायचा, पायानं पेडल मारायचं, की वरचा लोखंडी ठोकळा धाडकन खाली. दिवसाला हजारो वेळा. आबांना त्या कामाचा केवढा अभिमान! घरी आले की दोन्ही हात पालथे धरून आम्हाला दाखवायचे, "मोज, दहा हायेत का?" मी मोजायची. हा आमचा रोजचा खेळ होता. शिस्तीचा माणूस. चपला दारात एका रेषेत हव्यात, तांब्या झाकलेला हवा, आणि उजवा हात म्हणजे उजवा हात. देवाला फूल उजव्यानं, कुणाला पैसे द्यायचे ते उजव्यानं, घास उजव्यानं. डाव्या हाताचं काम ठरलेलं, ते त्यानं करावं आणि गप्प बसावं.

आणि अशा माणसाच्या पोटी मी जन्मले डावरी. चमचा डाव्यात, पेन्सिल डाव्यात, गोटी डाव्यानं. गावाकडे आजीनं हसण्यावारी नेलं होतं. इकडे आल्यावर शाळेत बाईंनी चिठ्ठी पाठवली आणि आबांनी मला हातात घेतलं. आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून ते माझा डावा हात पाठीमागे बांधायचे आणि पाटी पुढे ठेवायचे. जेवताना हात मोकळा, पण त्या बोटांना लाल तिखट चोळलेलं. एकदा मी विसरून तेच बोट डोळ्याला लावलं आणि अख्खी चाळ गोळा होईल एवढी बोंबलले. आबांनीच डोळा धुतला, आबांनीच मांडीवर घेतलं, आपल्या उजव्या हातानं दहीभात भरवला आणि म्हणाले, "पोरी, उद्या सासरी लोक नावं ठेवतील, तुला न्हाई, मला." दुष्ट नव्हते हो. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण हे वाचून कुणी त्यांना दुष्ट म्हणेल. त्यांना मनापासून वाटायचं की ते माझं भलं करतायत. एक हिवाळा लागला. होळीपर्यंत मी उजव्या हाताची झाले होते, अक्षर मात्र कोंबडीचे पाय.

मी सातवीत असताना बायजाच्या कुत्रीनं कडब्याच्या गंजीखाली पिल्लं घातली. त्यातलं एक तांबूस, कानाला दुमड पडलेलं पिल्लू आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायला लागलं, आणि भोंगा वाजला की आकाशाकडे तोंड करून त्याच सुरात रडायचं. अगदी खोकल्यासकट. आबा हसून हसून बेजार. "अगं, हा तर कंपनीचा माणूस!" त्याचं नाव भोंग्याच पडलं. आई आधी नाक मुरडायची, मग तीच ताकात कुस्करलेल्या ज्वारीच्या भाकरीचा पहिला गोळा त्याच्यासाठी बाजूला ठेवायला लागली. रविवारी मटण आणलं तर हाडं त्याची. असं गावठी खाणं खाऊन तो चांगला घोड्यासारखा झाला, अंगावर केस तुकतुकीत. आता डॉक्टर काय काय सांगतात, त्यातलं निम्मं आम्हाला माहीतच नव्हतं. वर्षातून एकदा सुई टोचून आणायची एवढं आबांना कुणीतरी सांगितलं होतं, तेवढं ते सायकलच्या मागच्या कॅरिअरला त्याला बांधून न चुकता करायचे.

त्याला शिकवायचं आबांनी मनावर घेतलं. पहिल्या पाळीचे दिवस असले की साडेतीनला सुटून चारला घरी, हातपाय धुऊन, चहा घेऊन, अंगणातल्या शेवग्याखाली दोघं समोरासमोर. डाव्या हातात भाकरीचा तुकडा, आत तिखट भरलेलं. "घे!" भोंग्यानं झडप घातली की ठसका, शिंका, डोळ्यांतून पाणी, जमिनीवर तोंड घासणं. मग उजवा हात पुढे, त्यात भाकरी आणि गुळाचा खडा. "घे!" आठ दिवसांत तो समजला. डावा हात पुढे आला की मान फिरवायचा आणि लगेच उजव्या हाताकडे डोळे लावून बसायचा, कारण बरोबर मान फिरवली की उजव्या हातातून गूळ मिळतो हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. पुढे पुढे डाव्यात तिखट नसलं तरी फिरवायचा. आई म्हणाली, "अहो, पन ह्याचा उपेग काय?" आबा म्हणाले, "चोर आला अन् विष घालाय लागला तर?" "म्हंजे चोर उजवा हात घरी ठिवून येतो व्हय?" आई पदर तोंडाला लावून हसली. आबांना राग आला. "शिस्त ती शिस्त," म्हणाले आणि आत निघून गेले.

पण खेळ बघायला माणसं यायची. पाळी सुटल्यावर वर्कशॉपमधले दोघंतिघं सायकली टेकवून उभे राहायचे, "राव, परत एकदा!" म्हणायचे. आबा डावा हात पुढे करायचे, भोंग्या राजासारखी मान फिरवायचा, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. मी चहाचे कप घेऊन बाहेर आले की आबा हमखास म्हणायचे, "कुत्रं आठ दिवसांत शिकलं, आमच्या पोरीला अख्खा हिवाळा लागला!" सगळे खो खो हसायचे. मीही हसायची. पण ते कप मी डाव्या हातानं ठेवायची की उजव्या, ते मला आता आठवत नाही.

आबा नेहमी म्हणायचे, प्रेसवर डोळा हलला की बोट गेलं. त्यांचा डोळा हलला नव्हता. त्यांच्याबरोबरचे लोक नंतर शपथेवर सांगत होते की पेडलवर पायच नव्हता, पत्रा काढायला हात आत गेला आणि प्रेस आपणहून दुसऱ्यांदा खाली आला. 'डबल मारला' असं म्हणायचे त्याला.  दवाखान्यात आईबरोबर गेले तेव्हा चादरीवर एक मोठं पांढरं गाठोडं ठेवलेलं होतं, मनगटापाशी संपणारं. आबांनी मला बघितलं आणि डावा हात पालथा करून पुढे धरला. नेहमीचा खेळ. मी "पाच" म्हणाले आणि रडायला लागले. ते नाही रडले. "बरोबर मोजलंस," म्हणाले.

तीन आठवड्यांनी घरी आले. त्या मधल्या दिवसांत भोंग्याला आई आणि मी घालत होतो, अर्थात उजव्या हातानं, त्याचं काही अडलं नव्हतं. आबा रिक्षातून उतरले तसा त्यानं असा काही थयथयाट केला की बायजासुद्धा मशेरी पुसून बाहेर आली. लोळला, अंगावर चढला, जमिनीवर मुतला. आबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. "भाकरी आन गं," म्हणाले. आईनं आणली. त्यांनी डाव्या हातात तुकडा घेतला, वाकले आणि म्हणाले, "घे."

भोंग्यानं मान फिरवली. आणि मग शिकवल्याप्रमाणे, शेपटी हलवत, उजव्या बाहीकडे डोळे लावून बसला. बाही रिकामी, आईनं टोक दुमडून पिन लावलेली. तो तिच्याकडे बघत राहिला. आबांनी परत म्हटलं, "घे." त्यानं आणखी ठासून मान फिरवली आणि परत बाहीकडे बघितलं, आता तरी गूळ द्या म्हणून.  बायजा तेवढी पुटपुटली, "मुकं जनावर हाय, त्याला काय ठावं." आबांनी तुकडा आईच्या हातात दिला आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले.

त्यानंतरचे महिने मला सलग आठवत नाहीत. आठवतो तो त्यांचा जेवताना भिंतीकडे वळलेला खांदा. डाव्या हातानं घास घ्यायची त्यांना एवढी लाज वाटायची की आमच्यासमोरसुद्धा ते पाठ करून बसायचे. आई सगळं कालवून द्यायची, तरी निम्मं मांडीवर सांडायचं. बायजाच्या घरी पूजेला बोलावलं तर पंगतीला गेले नाहीत, प्रसादाला हात पुढे केला नाही. कंपनीनं गेटवर बसायचं हलकं काम दिलं. तिथं एक दिवस सही करायची वेळ आली आणि त्यांना डाव्या हाताचा अंगठा उठवावा लागला. ज्या माणसानं गावात सगळ्यांच्या आधी सही शिकली, त्याच्या अंगठ्याला शाई! त्या संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले. माझी वही पुढे ओढली. "सुमे, तुला येत होतं ना गं डाव्यानं? कसं धरायचं, दाव जरा."

मी पेन्सिल डाव्या हातात घेतली. आईनं चूल सोडून वळून बघितलं. मी 'अ' काढायला गेले. हात चालेना. बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी लुळी, पेन्सिल कागदावर टेकून नुसती थरथरली आणि एक वेडीवाकडी रेघ निघाली. मी परत काढून बघितलं. परत तेच. जो हात मला न शिकवता येत होता, तो गेला होता. खरं सांगते, आज लाज सोडून सांगते, माझ्या मनात त्या क्षणी दया आली नाही. आत कुठेतरी एक दुष्ट आनंद झाला, की घ्या, तुम्हीच बांधून ठेवला होता ना, आता शोधा. आबांनी त्या रेघेकडे बघितलं. "बरं, ऱ्हाऊ दे," म्हणाले. उठले आणि भोंग्यापाशी जाऊन बसले. त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तर तो चालायचा. फक्त त्या हातात खाणं नको.

गेटवर त्यांच्याबरोबर एक जुना शिपाई होता, फौजेत राहून आलेला. त्यानं सल्ला दिला, तीन दिवस कुत्र्याला उपाशी ठेवा, नुसतं पाणी, आणि रोज ठरल्या वेळी डाव्या हातानंच द्या. भूक भल्याभल्यांना शिकलेलं विसरायला लावते. आबांच्या डोळ्यांत दवाखान्यानंतर पहिल्यांदा काहीतरी चमकलं. घरी येऊन त्यांनी फर्मान काढलं. "कुनी त्याला काई घालायचं न्हाई. तीन दिवस. अन् त्यानं माझ्या हातचं खाल्लं की मगच मी जेवीन." आई घाबरली. "अहो, जखम आत्ता कुठं भरलीय, उपास कामून?" "तो उपाशी ऱ्हाणार अन् मी गिळत बसू?" म्हणाले. मला तेव्हा कळलं नव्हतं, पण आईला कळलं होतं. कुत्र्यानं तो हात मान्य केला तर तेही करणार होते. त्या हातानं आमच्यासमोर जेवणार होते, सही गिरवणार होते, पंगतीला जाणार होते. सगळं त्या एका घासावर अडलं होतं. आईनं देवापुढे सुपारी ठेवली.

पहिल्या दिवशी चारला आबा भाकरी घेऊन गेले. भोंग्यानं मान फिरवून बाहीकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून लाळेच्या तारा गळत होत्या, पाय कापत होते, तरी मान फिरवली आणि बाहीकडे बघून लहान पिल्लासारखा कण्हला. बायजा ओरडली, "आरं बाबा, पाप लागंल! कशापायी जीव घेतूस?"  आबाही दोन दिवस नुसत्या चहावर होते, गाल बसले होते.

तिसरा दिवस शनिवार. माझी शाळा सकाळची. घरी आले तेव्हा आई दळण घेऊन गिरणीत गेली होती आणि बायजा प्लॉटात शेळ्यांमागे. भोंग्या शेवग्याला बांधलेला, आडवा पडलेला. मला बघून त्यानं शेपटी जमिनीवर एकदा आपटली, उचलायची ताकद नव्हती. मी आत गेले, दुरडीतून सकाळच्या दोन भाकऱ्या घेतल्या, गुळाचा खडा घेतला. दया आली म्हणून घेतल्या, एवढंच मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. पण मग उजव्या हातानं का दिल्या नाहीत? उजव्यानं दिल्या असत्या तर त्यानं लगेच खाल्ल्या असत्या आणि मामला तिथंच मिटला असता. मी तुकडा मुद्दाम डाव्या हातात घेतला. मला बघायचं होतं. आबांना जमत नाही ते मला जमतं का, मला बघायचं होतं.

त्यानं मान फिरवली. मी 'घे' म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही. त्याच्यासमोर मातीत फतकल मारून बसले आणि हात मांडीवर उघडा ठेवला, तुकडा तळव्यावर. किती वेळ गेला कुणास ठाऊक, एक मालगाडी चिंचवडकडून देहूरोडकडे गेली तेवढं आठवतं. मग तो सरपटत आला. थांबला. माझ्या बोटांचा वास घेतला. डोळे घट्ट मिटले, तिखटाचा ठसका लागणार म्हणून असेल, आणि तुकडा उचलला. ठसका लागला नाही. त्यानं डोळे उघडून माझ्याकडे असं काही बघितलं! मग दुसरा तुकडा, तिसरा, गूळ, माझा तळवा चाटून चाटून ओला केला. मी हसत होते आणि रडत होते, वेड्यासारखी, आणि देत सुटले होते. दोन्ही भाकऱ्या संपल्या. वर वाडगाभर ताक पाजलं.

तो पोट भरून हुश्श करून आडवा झाला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा घास आबांचा होता. तीन दिवसांच्या भुकेनं पिकवलेला हा एकच घास, आणि तो मी खाऊन बसले होते.

साडेतीनला घोगरा भोंगा झाला. भोंग्या रोजच्यासारखा रडला, आज जरा जोरातच. चारला आबा आले. आई गिरणीतून आली होती, तिनं भाकरी पुढे केली. आबा शेवग्याखाली गेले, कसेबसे उकिडवे बसले, डावा हात पुढे केला. "घे रं बाबा," म्हणाले. नेहमीसारखं हुकमानं नाही. भोंग्यानं डोकं वर उचललं, तुकड्याचा वास घेतला, आणि तृप्त झालेलं कुत्रं फिरवतं तशी सावकाश मान फिरवून परत पायांवर ठेवली. या वेळी त्यानं बाहीकडे बघितलंसुद्धा नाही.

मी दारात उभी होते. "आबा, मी त्याला घातलंय, उद्या परत बघा, तो खाईल," एवढं एक वाक्य. ते माझ्या ओठांवर होतं. पण ते बोलायचं म्हणजे कुठल्या हातानं घातलं तेही बोलायचं. मी गप्प राहिले.  आबा उठले आणि आईकडे बघून म्हणाले, "बघितलंस? तीन दिवस उपाशी, तरी न्हाई म्हंजे न्हाई. शिकवलेलं हाय." असं म्हणून ते हसले. तसलं हसू मी परत कुणाच्या तोंडावर बघितलं नाही, आणि बघायचंही नाही. "घाला त्याला," म्हणाले, "अन् मला बी वाढ." आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. आईनं भोंग्याला भाकरी घातली तर त्यानं हुंगून सोडली. आईनं माझ्याकडे बघितलं. ती समजली. ती मला एक शब्द बोलली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. त्यापेक्षा तिनं मला झोडपलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून भोंग्या माझ्या डाव्या हातचं खायचा. चोरून, शेवग्यामागे, रोज. आबांनी परत कधी हात पुढे केला नाही. आठदहा दिवसांनी मी धीर करून म्हटलंही, "आबा, एकदा परत बघा ना." ते म्हणाले, "नको गं पोरी. त्याला किती छळायचं? आन मला बी." जेवायला ते शेवटपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसले. सही गिरवली नाही. पंगतीला गेले नाहीत. माझ्या लग्नातसुद्धा 'पोटात दुखतंय' म्हणून मांडवामागे बसून राहिले, आणि व्याह्यांनी ते मनाला लावून घेतलं. भोंग्या म्हातारा होऊन गेला तेव्हा आबांनी एका हातानं शेवग्याखाली खड्डा खणला, कुणाला फावडं धरू दिलं नाही. खड्ड्यात घालायच्या आधी त्याच्या तोंडापाशी भाकरीचा तुकडा ठेवला. डाव्याच हातानं. आता तो मान फिरवणार नव्हता.

पण गोष्ट मात्र ते सांगायचे. पाहुणा आला, कुणी नवा शेजारी आला, की ती एकच गोष्ट. "तीन दिवस उपाशी ठिवलं होतं राव, लाळ गळत होती, पर डाव्या हाताला तोंड लावलं न्हाई. गावठी असून जात अशी!" सांगताना त्यांची पाठ ताठ व्हायची. गेलेल्या उजव्या हातानं आयुष्यात केलेलं तेवढं एकच काम शिल्लक होतं, त्या कुत्र्याला शिकवणं, आणि ते पक्कं झालं होतं असं त्यांना वाटत होतं. मी चहाचे कप घेऊन बाहेर यायची, ऐकायची, आणि आत निघून जायची.

शेवटच्या आजारात मी त्यांना माझ्या घरी, निगडीतच, आणलं होतं. अंथरुणाला खिळले होते, आवाज खोल गेला होता. माझे यजमान जवळ बसले होते, मी पेज भरवत होते. घोगरा भोंगा वाजला. तो कारखाना अजून चालू होता. आबांनी डोळे उघडले आणि जावयाला ती गोष्ट सांगायला सुरुवात केली. शंभरदा ऐकलेली. मध्ये दम लागला, थांबले, आणि एकदम माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं.

"काय गं सुमे, तू तर तितंच असायचीस. खरं सांग. खाल्लं होतं का गं त्यानं कधी, डाव्या हातचं?"

त्यांचे डोळे माझ्यावर होते. पेजेचा चमचा माझ्या हातात तसाच होता.

"नाही आबा," मी म्हटलं. "कधीच नाही."